विमानांचे संदेश आणि त्यांची लिपी

२८ ऑगस्ट २०२३ रोजी लॉस एंजलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाच्या मार्गपत्रकाने ब्रिटनचे आकाश जवळजवळ बंद पाडले. पत्रकात चूक नव्हती. अमेरिकेतील डेव्हिल्स लेक आणि फ्रान्समधील दोव्हिल या दोन्ही ठिकाणांस हवाई नकाशात ‘डीव्हीएल’ हीच खूण आहे. आंतरराष्ट्रीय नमुन्यातील मार्ग युरोपीय नमुन्याशी ताडून पाहताना यंत्रास या जुळ्यांचा उलगडा होईना. ते थांबले, पाठोपाठ राखीव यंत्रही थांबले. पत्रकांचे काम माणसांच्या हाती ताशी ६० वर आले आणि सुमारे सात लाख प्रवाशांचे हाल झाले.

परदेशची गोष्ट म्हणून ही सोडून देता येत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात दिल्लीची स्वयंचलित संदेशयंत्रणा बिघडली, तेव्हा नियंत्रकांना पत्रके हातांनी करावी लागली आणि शेकडो उड्डाणे रखडली. मुंबईहून हैदराबादेकडे नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती धाराशिव जिल्ह्यात बेंबळीच्या आसपासून जाते. त्या वाटेचे विमान मुंबईच्या हवाई क्षेत्रातून चेन्नईच्या क्षेत्रात जाते, पण दोन्हीकडे प्राधिकरण एकच. पश्चिमेस मात्र मुंबईचे क्षेत्र कराची, मस्कत, मोगादिशू व सेशेल्स यांच्या क्षेत्रांस भिडते. तेथे यंत्रे निराळी, ऐपत निराळी, आणि राजकारणाविषयी तर बोलावयासच नको.

तारायंत्राच्या वळणाचे जुने पत्रक २०३४ मध्ये बाद करावे, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरविले आहे. नव्या नमुन्यात प्रत्येक उड्डाणास जगात एकच ओळखक्रमांक मिळेल. मार्ग, उंची व वेळ यांतील बदल सर्व संबंधितांस एकाच रूपात कळतील. योजना स्तुत्य आहे. परंतु तोवरची वर्षे दोन्ही नमुने शेजारी शेजारी चालणार, आणि ब्रिटनमधील घोटाळा नेमका दोन नमुन्यांच्या सांध्यात झाला, हे विसरून कसे चालेल? म्हणून यंत्रखरेदीच्या निविदांपूर्वी शेजाऱ्यांसह संयुक्त चाचण्या व्हाव्यात, आणि हाताने पत्रक करणारी माणसे सरावात ठेवावीत, असे आमचे मत आहे. संगणक आला की माणसे कमी करण्याची आमच्या कचेऱ्यांची घाई येथे महागात पडेल.

एखाद्या गरीब शेजाऱ्यास नवे यंत्र वेळेत परवडले नाही, तर त्याच्यासाठी प्रत्येक पत्रक जुन्या नमुन्यात उतरविण्याचा भार मुंबईवर येईल. त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हे विमानतळ प्राधिकरणाने आताच स्पष्ट करावे.