गोधडीने शिकविलेला धडा

पालकहो, शाळांतून विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत रिकाम्या डब्यांना भाव येतो. यंदा आमच्या सातवीतल्या पुतणीने विषय घेतला : गरम पाणी कशात जास्त वेळ गरम राहते? सारखे चार डबे जमविले. एक तसाच ठेवला. बाकीच्यांना वर्तमानपत्र, कापूस आणि जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळला.

कापूस पहिला येणार, हे सर्वांनी गृहीत धरलेले. अर्ध्या तासाने थर्मामीटर लावून पाहतो तो कापसाचा डबा वर्तमानपत्राच्याही मागे! पोर रडवेली झाली. "काका, वहीत कापूसच पहिला लिहू का? पुस्तकात तसेच आहे."

खरे सांगायचे तर क्षणभर आम्हालाही वाटले, लिहू दे. प्रदर्शन परवावर आले आहे. पण 1982 च्या संपापर्यंत गिरणीच्या वायंडिंग खात्यात राबलेली तिची आजी म्हणाली, "पोरी, आधी कापसाला हात लावून बघ. कापूस ओल धरतो." कापूस ओलाच होता! ओतताना पाणी सांडले होते.

कापूस स्वतः ऊब देत नाही. ऊब राखते ती त्याच्या तंतूंत अडकलेली हवा. पाणी हवेच्या सुमारे 24 पट उष्णता वाहून नेते. कापूस भिजला की हवेची जागा पाणी घेते, आणि ते वाळतानाही उष्णता ओढून नेते. गोधडीतही जुन्या लुगड्यांच्या थरांत हवाच अडकलेली असते. 1892 साली जेम्स ड्यूअर यांनी तर दोन भिंतींमधली हवाही काढून टाकली. त्यातूनच पुढे थर्मास आला.

दुसऱ्या दिवशी प्रयोग पुन्हा केला. कापूस कोरडा, पाणी मोजून सारखे, चारही डब्यांना घट्ट झाकण, दर दहा मिनिटांनी नोंद. कापूस व गोधडी पुढे राहिली, उघडा डबा सर्वांत मागे. पोरीने वहीत फसलेला प्रयोगही कारणासह लिहिला. आम्हाला तेच पान अधिक मोलाचे वाटते.

भगिनींनो, याचा घरातही उपयोग आहे. भाताला चांगली उकळी आली की घट्ट झाकणासह पातेले कोरड्या गोधडीत गुंडाळून ठेवा. उरलेला भात आपल्याच वाफेवर शिजतो, गॅस वाचतो. मात्र तो गरम आहे तोवरच वाढावा.

मुलांचा प्रयोग चुकला तर रागावू नका. त्यांच्याबरोबर बसून कारण शोधा. खोटा आकडा मात्र लिहू देऊ नका.