पावती नसलेले यंत्र

लाकडावर, चामड्यावर अक्षरे कोरणारे आणि पातळ प्लायवूड कापणारे लेसरचे यंत्र पूर्वी कारखान्यातच पाहायला मिळे. आता ते घरी बनवले जाते. इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात, ट्रॉफीच्या दुकानामागच्या खोलीत, क्वचित शाळकरी मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावरही. अशा मुलांच्या बातम्या 'जिद्दी तरुणाची कमाल' या मथळ्याखाली येतात आणि आपण कौतुकाने पान उलटतो. मला मात्र या गोष्टीचा हिशेब मांडून पाहावासा वाटतो. बँकेतली सवय, दुसरे काय!

आधी यंत्र समजून घेऊ. सर्वांत स्वस्त प्रकार भंगारातल्या दोन डीव्हीडी रायटरमधून निघतो. तबकडीखालचे भिंग मागेपुढे सरकवणारी एक छोटी मोटर प्रत्येकात असते. एक आडवी, एक उभी बसवली की पेन्सिल फिरवावी तसा किरण फिरवता येतो. किरण देणारा डायोडही त्याच रायटरमध्ये सापडतो. मोटरींना हुकूम देण्यासाठी आर्डुइनो नावाची सर्किटची पट्टी लागते. ती २००५ साली इटलीतल्या इव्हरिया गावी विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी तयार झाली, आणि तिच्यावर चालणारा जीआरबीएल हा प्रोग्राम फुकट मिळतो. एवढ्या ऐवजात काम होते ते चारेक सेंटिमीटर लांबीरुंदीत, म्हणजे जवळजवळ काड्यापेटीएवढ्या जागेत. मोठे काम हवे असेल तर अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट, दणकट मोटरी आणि ५ वॉटचा निळा डायोड घ्यावा लागतो. तो ३ मिलिमीटरचे प्लायवूड कापतो.

त्याच्या पुढची पायरी कार्बन डायऑक्साइड वायूच्या काचेच्या नळीची. ही नळी पारदर्शक अॅक्रिलिकही कापते; निळ्या डायोडला ते जमत नाही. या वायूचा लेसर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. पटेल १९३८ साली बारामतीत जन्मले आणि १९५८ साली पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवीधर झाले. बारामतीची आठवण आपल्याला एरवी निवडणुकीतच होते, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता हिशेब. दोन तरुण बँकेत आले आहेत असे समजा. दोघांनाही नावाच्या पाट्या, सन्मानचिन्हे आणि गणपतीची मखरे कापायची आहेत. २०१८ साली राज्यात थर्मोकोलवर बंदी आली, त्यानंतर पुठ्ठ्याच्या आणि लाकडी मखरांना गिऱ्हाईक आहेच. पहिल्याने परदेशी बनावटीच्या तयार यंत्राचे कोटेशन आणले आहे. दुसऱ्याने यंत्र स्वतःच बनवले आहे. त्याला माल भरायला आणि दुसरे, थोडे मोठे यंत्र बनवायला पैसे हवेत. पहिल्याची फाइल सरळ पुढे सरकते. कोटेशन, विक्रेत्याच्या नावे थेट रक्कम, बिल, विमा, यंत्रावर बँकेच्या नावाची पाटी. दुसऱ्याच्या यंत्राला बिलच नाही. मोटर जुन्या बाजारातली, चौकट वेल्डरकडची, बाकी सगळी त्याची अक्कल. तारणाच्या रकान्यात त्याची किंमत शून्य लिहिली जाते.

पण पहिल्याच्या यंत्रातली पट्टी जळाली तर काय होते? भाग बाहेरून येईपर्यंत यंत्र झाकून ठेवायचे, हप्ता मात्र चालूच. दुसरा रात्री बसून पट्टी बदलतो आणि सकाळी काम सुरू करतो. कर्जफेडीच्या दृष्टीने जास्त भरवशाचा कोण, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. २०१५ साली आलेल्या मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतचे 'शिशु' कर्ज नेमके अशा माणसासाठी आहे. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांतल्या कारागिरांना अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. त्यात सुतार आहेत, खेळणी करणारे आहेत. पण तिथेही कल्पना तयार अवजारांच्या पेटीची आहे. सुटे भाग आणून स्वतः अवजार घडवणारा कारागीर कोणाच्या डोळ्यांसमोर आलेला दिसत नाही. शाखेतल्या अधिकाऱ्याला मी दोष देणार नाही. पैसा ठेवीदारांचा असतो, आणि उद्या तपासनीस आला की त्याला कागदच दाखवावा लागतो.

आणि या दुसऱ्या तरुणाचा हिशेबही पुरा नसतो. यंत्र अमुक हजारांत झाले असे तो अभिमानाने सांगतो तेव्हा त्या आकड्यात झाकण नसते, धूर बाहेर नेणारा पंखा नसतो, चष्मा नसतो. भाषणात पडद्यावर ठिपका दाखवायचा साधा लेसर ५ मिलिवॉटचा. हा ५ वॉटचा, म्हणजे हजारपट. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो, आणि निळा किरण तेवढ्यात पडद्याला, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याला, कायमची इजा करू शकतो. चकचकीत पत्र्यावरून उलटलेला किरणही पुरतो. चष्माही त्या त्या रंगाच्या किरणासाठी वेगळा लागतो. कुठलीही रंगीत काच चालत नाही. वायूच्या नळीला पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब लागतो, तो जीवच घेतो. पीव्हीसी कापले तर हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू सुटतो. घरातले धाकटे भावंड कौतुकाने वाकून पाहत असते, त्याच्या डोळ्यांची किंमत या स्वस्ताईत कोणी धरलेली नसते.

एकाच कागदाने या दोन्ही उणिवा भरता येतील असे मला वाटते. जुने यंत्र विकत घेताना बँका व्हॅल्युअरचा दाखला मानतातच. तसाच दाखला घरी घडवलेल्या यंत्राला का मिळू नये? पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब आली. हाताने शिकणाऱ्या ग्रामीण मुलांची जाण असलेली ही जागा अशा दाखल्याचा नमुना सहज बनवून देईल. पुढे तपासणीचे काम आयटीआयच्या निदेशकांनी करावे. झाकण उघडताच किरण बंद होतो का, धूर खिडकीबाहेर जातो का, अर्थिंग आहे का, चष्मा योग्य किरणाचा आहे का, आणि यंत्र सांगितलेले काम दिवसभर करते का, एवढेच पाहायचे. अर्धा दिवस पुरे. खाली सही, शिक्का आणि यंत्राची अंदाजे किंमत. तो कागद फाइलला लागला की शून्याच्या जागी आकडा लिहायला शाखेतल्या अधिकाऱ्याचा हात अडणार नाही, आणि तो मिळवण्यासाठी तरुणाला आधी झाकण बसवावे लागेल.