सर्वांत नाखूश माणसाला जमेल तेच सॉफ्टवेअर घ्या

पाच-सात माणसांच्या कार्यालयात कामांची नोंद ठेवायला सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, की पहिली बैठक बहुधा एकाच वळणाने जाते. ट्रेलो, आसना, जिरा, झोहो प्रोजेक्ट्स अशी नावं निघतात, कुणीतरी तुलनेचा तक्ता शोधून आणतं आणि ज्याच्या रकान्यात बरोबरच्या खुणा जास्त, ते पसंत पडतं. काही महिन्यांत त्या सॉफ्टवेअरमध्ये मालक आणि एखादा हौशी सहकारी एवढेच उरतात. बाकीचे केव्हाच व्हॉट्सअ‍ॅपवर परतलेले असतात. याचं खापर माणसांच्या आळसावर फोडलं जातं, पण मला दोष निवडीचा वाटतो. असं साधन कुणाच्या सोयीने निवडायचं, हा खरा प्रश्न आहे आणि माझं उत्तर असं, की जो माणूस ते सर्वांत नाखुशीने उघडणार आहे, त्याच्या सोयीने. कामाच्या फलकाची किंमत त्यावरची माहिती खरी असण्यात आहे. सहा जणांनी नोंद केली आणि सातव्याने केली नाही, तर सगळ्याच फलकावर शंका येते. मग खात्री करायला फोन होतोच, आणि फोन करायचाच असेल तर नोंद तरी कशाला, असं म्हणत उरलेले सहाही हळूहळू थांबतात.

दिवाळी अंकाचं उदाहरण घेऊ, कारण तिथे तारीख पुढे ढकलता येत नाही. संपादक, एक-दोन सहसंपादक, मुद्रितशोधक, डीटीपी करणारा, चित्रकार, जाहिराती आणणारा आणि पलीकडे छापखाना, एवढाच पसारा. प्रत्येक लेख ठरावीक टप्प्यांतून जातो: मजकूर आला, टाइप झाला, पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, पान लागलं, छापखान्यात गेला. एवढे सहा रकाने आणि प्रत्येक लेखाचं एक कार्ड, की फलक तयार. यात सगळ्यात कळीचा माणूस डीटीपीवाला. तो दिवसभर पेजमेकर किंवा इनडिझाइन उघडून बसलेला असतो, शेजारी दुसऱ्या गिऱ्हाइकांची कामंही पडलेली असतात आणि तुमच्या सॉफ्टवेअरशी त्याला काही देणंघेणं नसतं. त्याने कार्ड एका रकान्यातून उचलून पुढच्यात टाकावं, एवढीच अपेक्षा ठेवली तर तो ते करेल. त्याला प्राधान्यक्रम, लागलेले तास, उपकामं आणि रंगीत लेबलं भरायला लावलीत, तर पहिल्या आठवड्यानंतर तो फिरकणार नाही. जाता जाता एक बारीक गोष्ट: अनेक डीटीपी केंद्रांत अजूनही श्रीलिपीसारखे जुने, युनिकोड नसलेले फाँट चालतात. त्यांतला मजकूर तसाच उचलून कार्डावर चिकटवला तर अगम्य अक्षरं उमटतात आणि शोध घेतला तर लेख सापडत नाही. कार्डाचं शीर्षक युनिकोडमध्येच टंकायचं, एवढा एक नियम मात्र सुरुवातीलाच करावा.

या सगळ्याची गरजच काय, असं कुणी विचारेल. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक 1909 मध्ये काढला, तेव्हा कसलं सॉफ्टवेअर होतं? आक्षेप खरा आहे, आणि तीन माणसांच्या चमूला तो पूर्ण लागू पडतो. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 च्या आपल्या पुस्तकात सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या निमित्ताने एक साधं गणित मांडलं होतं: तीन माणसांत बोलण्याच्या जोड्या तीन, पाचांत दहा, दहांत पंचेचाळीस. तिघांनी टेबलाभोवती बसून बोलावं आणि वहीत लिहावं, हे उत्तम. सात माणसांत मात्र एकवीस जोड्या होतात, त्यांतले दोघे-तिघे दुसऱ्या गावात असतात आणि कोणता लेख कुणाकडे अडकलाय हे एकाच्याही डोक्यात पूर्ण राहत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा गट हे काम करू शकत नाही. तिथे निरोप पोचतो, पण कामाची आजची स्थिती दिसत नाही. सोमवारी आलेलं ‘प्रूफ पाठवलंय’ बुधवारी शुभेच्छा आणि जाहिरातींच्या खाली गाडलेलं असतं. गूगल शीटमध्ये मात्र ही स्थिती दिसते. एक शीट, सहा रकाने, नाव आणि तारीख यांवर ज्यांचं भागतं, त्यांनी विकत काही घेऊच नये.

आता प्रगती मोजण्याविषयी. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये टक्केवारीची पट्टी असते आणि ती मालकांना फार आवडते. लेख 80 टक्के झाला म्हणजे नेमकं काय झालं? लिहिणाऱ्याला वाटलं म्हणून 80. उरलेल्या 20 टक्क्यांत छायाचित्रांची परवानगी असते, लेखकाचा होकार असतो, आणि महिना त्यातच जातो. याउलट ‘दुसरं प्रूफ वाचून परत आलं’ हे विधान कुणालाही तपासता येतं, कारण ते एकतर आलेलं असतं किंवा नसतं. लहान चमूने प्रगती अशा हो-नाही टप्प्यांतच मोजावी आणि ‘झालं’ कशाला म्हणायचं हे आधी ठरवावं. पूर्ण झालेले लेख किती आणि उरलेले किती, हे दोन आकडे पुरतात. तिसरा आकडा हवाच असेल तर एखाद्या रकान्यात किती कार्डं तुंबली आहेत तो पाहावा. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला रांगांचा नियम इथे सरळ लागू होतो. मुद्रितशोधकाकडे सतत बारा लेख पडून असतील आणि ती दिवसाला तीन वाचत असेल, तर लेखाला तिच्याकडे सरासरी चार दिवस लागणार, मग तुम्ही कितीही तातडीच्या लाल खुणा लावा. टोयोटात ताइची ओहनो यांच्या काळात रुजलेल्या कानबान पद्धतीचा गाभाही हाच: हातातलं काम मर्यादित ठेवा, पुढच्याने मागितल्याशिवाय मागच्याने ढकलू नका. आजच्या बहुतेक फलकांचे रकाने त्याच पद्धतीवरून आलेत. मर्यादा घालण्याचा भाग मात्र फार थोडे लोक वापरतात.

यावर सर्वांत जड आक्षेप जबाबदारीचा. पगार देणाऱ्याला कोण काय करतं हे कळायला हवं, सगळं कर्मचाऱ्यांच्या सोयीवर कसं सोडणार, असं अनेक मालक म्हणतील. त्यांनी शस्त्रक्रियेच्या यादीची कथा पाहावी. ज्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातले, त्या डॉ. अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने 19 मुद्द्यांची तपासयादी केली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, त्यांत दिल्लीही होती, ती वापरून पाहिल्यावर मोठ्या गुंतागुंतीचं प्रमाण 11 टक्क्यांवरून 7 वर आणि मृत्यूंचं 1.5 वरून 0.8 टक्क्यांवर आल्याचं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. मग कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात यादीच्या वापराचा अहवाल देणं सक्तीचं झालं. तिथल्या 101 रुग्णालयांचा अभ्यास 2014 मध्ये आला: वापराचे अहवाल नव्वद टक्क्यांच्या पुढे, मृत्यूंत लक्षणीय घट नाही. कारणांवर वाद झाला, तरी तो अभ्यास छापणाऱ्या नियतकालिकाच्याच संपादकीयात ल्युशियन लीप यांनी यादी बहुधा खऱ्या अर्थाने वापरलीच गेली नसावी, असं म्हटलं. साधन तेच होतं. एकीकडे शस्त्रक्रियेआधी माणसं थांबून एकमेकांशी बोलत होती, दुसरीकडे वरच्यांना दाखवायच्या खुणा तेवढ्या भरल्या जात होत्या, असा त्याचा अर्थ मी लावतो. लहान कार्यालयात दर तासाला पडद्याचं छायाचित्र टिपणारं किंवा मिनिटांचा हिशेब मागणारं सॉफ्टवेअर बसवलं, तर मालकाला छान आलेख मिळतील आणि कामाची खरी स्थिती मिळणार नाही. अडलेलं काम अडलंय असं लिहिल्यावर ओरडा बसत असेल, तर ते कुणीही लिहिणार नाही.

राहिला प्रश्न उद्याचा. चमू वाढेल, म्हणून आत्ताच मोठं घेऊन ठेवू, हा सल्ला विक्रेते देतात आणि तो ऐकू नये. मोठ्या साधनाचं ओझं रोज वाहावं लागतं, लहानातून बाहेर पडण्याचा त्रास एकदाच होतो. अट एवढीच, की बाहेर पडता आलं पाहिजे. वुंडरलिस्ट हे लोकप्रिय यादी-सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये घेतलं आणि मे 2020 मध्ये बंद केलं. अ‍ॅटलासियनने 2017 मध्ये ट्रेलो विकत घेतलं आणि 2024 मध्ये त्याच्या मोफत वर्कस्पेसवर दहा जणांची मर्यादा घातली. त्याच वर्षी फेब्रुवारीत या कंपनीने गिऱ्हाइकाच्या संगणकावर बसवायच्या जिरा सर्व्हर आवृत्तीचा आधार काढून घेतला. यात गैर काही नाही, धंदा आहे; पण आपली नोंद आपल्या हातात येते का, हे पैसे भरण्याआधी बघायला हवं. मोफत ट्रेलोतून माहिती जेसन स्वरूपात निघते, जी तुमच्या कार्यालयात बहुधा कुणाला वाचता येणार नाही. एक्सेलमध्ये उघडणारी सीएसव्ही फाइल सशुल्क योजनेत मिळते. ज्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारा माणूस आहे, त्यांना रेडमाइनसारखं मुक्त सॉफ्टवेअर आहे. बहुतेकांकडे तो माणूस नसतो, त्यांनी त्या भानगडीत पडू नये.

तेव्हा निवड करण्याआधी एक परीक्षा घ्या. मोफत योजनेवर एकच खरं काम घाला, रकाने सहाच्या वर नेऊ नका आणि दोन आठवडे कुणालाही आठवण करू नका. तुमच्या चमूतल्या सर्वांत नाखूश माणसाने या काळात आपलं कार्ड स्वतःहून हलवलं असेल, तर ते सॉफ्टवेअर घ्या. हलवलं नसेल, तर पैसे भरू नका.