गाजराची राखण पेरणीआधी

गणपती उठले की बियाण्यांच्या दुकानांत गाजराची पाकिटं दिसू लागतात आणि बागप्रेमी वाचकांचा एक प्रश्न हमखास येतो: गाजराला कीड लागू नये म्हणून काय फवारायचं? विचारणाऱ्यांची तळमळ मला कळते. घरच्या मातीतलं गाजर धुऊन सालासकट मुलांच्या हातात द्यायचं असतं. पण याचं उत्तर फवाऱ्याच्या बाटलीत सापडत नाही. टोमॅटोवरची अळी किंवा भेंडीवरचा मावा आपण डोळ्यांनी पाहतो आणि बंदोबस्त करतो. गाजराचं नुकसान मात्र कळतं ते गाजर उपटल्यावर. तोवर अडीच-तीन महिने गेलेले असतात आणि करण्यासारखं काही उरलेलं नसतं. गाजराची राखण बी पडण्याआधी मातीत करावी लागते, आणि आपल्याकडचे बागप्रेमी नेमकी तीच पायरी गाळतात.

त्याआधी एक गोंधळ दूर करायला हवा. गाजराच्या किडीबद्दल शोधायला जावं तर बहुतेक माहिती समोर येते ती थंड देशांतली. तिथला मोठा शत्रू म्हणजे गाजरमाशी. ही माशी गाजराच्या पानांचा वास हेरून येते, बुडाशी अंडी घालते आणि अळ्या गाजरात गंजासारख्या रंगाची भुयारं पाडतात. ती जमिनीलगत उडते, म्हणून वाफ्याभोवती दोन फूट उंचीचा आडोसा करतात किंवा अख्खा वाफा जाळीखाली झाकतात. लंडनच्या उपनगरात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी हे जरूर करावं. पुण्याच्या, नाशिकच्या किंवा नागपूरच्या गच्चीवर या माशीसाठी एक रुपयाही खर्च करायचं कारण नाही. आपले शत्रू वेगळे आहेत.

त्या माशीच्या निमित्ताने घडलेली एक गोष्ट मात्र आपणही लक्षात ठेवण्यासारखी आहे. माशीला आवर घालायला ब्रिटनमधले शेतकरी गाजरावर ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं सर्रास वापरत. तपासणीत एकाच शेतातल्या दोन गाजरांत औषधाचे अंश फार कमी-जास्त निघू लागले, तेव्हा 1995 साली तिथल्या सरकारने लोकांना सांगितलं की गाजर सोलून आणि देठाकडचा भाग कापूनच खा. पुढे तो सल्ला मागे घेतला गेला. पण जमिनीत वाढणाऱ्या, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला औषध घालताना काय जोखीम असते, ते त्यातून पुरतं उघड झालं.

आता आपल्या कुंडीकडे येऊ. घरच्या गाजराचं सर्वांत जास्त नुकसान करतात ते मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी. सोलापूर-सांगलीकडचे डाळिंबवाले त्यांना निमॅटोड म्हणतात आणि त्यांचं नाव काढलं की काळजीत पडतात. हे कृमी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. गाजराच्या कोवळ्या सोटमुळात ते शिरतात, त्या जागी गाठ येते, मुळाची सरळ वाढ थांबते आणि त्याला फाटे फुटतात. उपटल्यावर हातात येतं ते आखूड, वेडंवाकडं, केसाळ मुळांनी भरलेलं गाजर. वर पानं बरी असतात, त्यामुळे तोपर्यंत शंकाही येत नाही.

हे कृमी कुंडीत येतात कुठून? बहुतेक वेळा आपणच त्यांना जागा दिलेली असते. पावसाळ्यात टोमॅटो, वांगी, भेंडी लावली जातात. ही तिन्ही झाडं या कृमींची आवडती. सप्टेंबर-ऑक्टोबरात झाड संपलं की आपण ते उपटतो, माती हलवतो, वर थोडं शेणखत घालतो आणि त्याच कुंडीत गाजर पेरतो. माती वाया जाऊ नये ही भावना चांगलीच आहे, कारण शहरात चांगली माती मिळवणं सोपं नाही. पण जुनं झाड फेकण्यापूर्वी त्याची मुळं पाण्यात हलक्या हाताने धुऊन पाहा. मुळांच्या अंगात फुगलेल्या, मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर त्या मातीत या हंगामात गाजर घेऊ नका. एक फरक मात्र ध्यानात असू द्या. मेथी, चवळी, वाल यांच्याही मुळांवर गाठी असतात, पण त्या नखाने सहज निघतात आणि मातीला नत्र देतात. सूत्रकृमीची गाठ मुळाच्या आतच असते, ओढून सुटत नाही.

अशा मातीवर उपाय आहेत, पण ते सावकाश चालतात. सर्वांत खात्रीचा उपाय आपल्याकडे फुकट मिळतो, तो म्हणजे एप्रिल-मेचं ऊन. कुंड्यांमधली माती गच्चीवर वीतभर थरात पसरायची, ओली करायची, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून अंथरायचं आणि कडा दाबून बंद करायच्या. काळं प्लॅस्टिक स्वतः तापतं, पण पारदर्शक प्लॅस्टिकखाली माती जास्त तापते. चार ते सहा आठवडे माती अशी भाजून निघाली की कृमी, त्यांची अंडी, बुरशी आणि तणाचं बी यांचा मोठा भाग संपतो. महाराष्ट्राच्या उन्हाळ्याबद्दल आपण इतकी तक्रार करतो; बागेसाठी त्याचा हा उपयोग फार मोलाचा आहे.

दुसरा उपाय झेंडूचा. झेंडूच्या मुळांत अल्फा टर्थायनिल नावाचं द्रव्य असतं आणि ते या कृमींना मारक ठरतं. पण गाजराच्या कुंडीत कोपऱ्यात झेंडूचं एखादं रोप खोचून काही होत नाही. त्या मातीत झेंडू दाटीने, निदान दोन महिने वाढायला हवा. आपल्या सणांची सोय इथे छान जुळते. दसरा-दिवाळीच्या तोरणांसाठी ज्यांनी कुंडीत झेंडू लावला असेल, त्यांनी फुलं संपल्यावर जाड बुडखा काढावा, बारीक मुळं मातीत कालवावीत, बादलीभर मातीला मूठभर निंबोळी पेंड मिसळावी आणि दोन आठवडे थांबून गाजर पेरावं. नोव्हेंबरची पेरणी मुंबई-कोकणाला तर अधिकच सोयीची, कारण गाजराला रंग चांगला भरतो तो 15 ते 20 अंश तापमानात आणि तिथे तशी थंडी उशिरा येते, तीही थोडेच दिवस.

फाटे फुटलेलं प्रत्येक गाजर कृमींचंच काम असतं असंही नाही. मातीत खडे, विटांचे तुकडे असतील किंवा शेणखत कच्चं असेल तरी मूळ दुभंगतं. म्हणून माती चाळून घ्यायला मी आग्रहाने सांगतो. कुंडी निदान फूटभर खोल हवी, माती भुसभुशीत, थोडी वाळू मिसळलेली. गाजराचं रोप दुसरीकडून काढून लावू नये, कारण हलवताना सोटमूळ दुखावलं की गाजर वाकडं झालंच.

कच्च्या शेणखताबरोबर आणखी एक पाहुणी येते, हुमणी. पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी. वळवाच्या सरी पडल्या की संध्याकाळी हिचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात आणि पुन्हा जमिनीत जाऊन अंडी घालतात. कुंडीतली एकच हुमणी गाजराला मोठी भोकं पाडू शकते. शेणखताच्या गोणीत दिसणारी प्रत्येक पांढरी अळी मुळं खाणारी नसते, काही फक्त कुजलेला पालापाचोळा खातात. पण घरच्या दोन-चार कुंड्यांसाठी ही पारख करत बसू नये. खत मोकळं पसरावं, दिसेल ती अळी वेचावी आणि साळुंक्यांसाठी कठड्यावर ठेवावी.

पेरल्यानंतर पहिला धोका मुंग्यांचा. गाजराचं बी अगदी बारीक, एका ग्रॅममध्ये शेकड्याने येतं, आणि उगवायला दहा ते पंधरा दिवस घेतं. तेवढ्या दिवसांत मुंग्या ते ओढून नेतात आणि आपण बियाणं वाईट निघालं म्हणून दुकानदाराशी भांडतो. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटांच्या तुकड्यांवर ठेवली तर मुंग्या चढत नाहीत. ताटलीतलं पाणी मात्र रोज बदला, नाहीतर डास होतील. बी वाळूत मिसळून सेंटिमीटरभर खोल पेरावं आणि अंकुर दिसेपर्यंत वर ओलं गोणपाट ठेवावं. रोपं बोटभर झाली की विरळणी करून दोन रोपांत दोन-अडीच इंच अंतर राखावं. विरळणी करताना माझा जीवही कासावीस होतो, पण दाटीत गाजर पोसत नाही. कोवळ्या पानांवर कबुतरं आणि बुलबुल येतात, त्यांना जाळी पुरते. ओलाव्याला शंखी गोगलगायी आल्याच तर गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट रात्री ठेवून सकाळी त्याखालच्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकाव्यात.

पानांवर मावा आला तर घाबरू नका. आधी पाण्याचा जोराचा फवारा मारा. मावा हटत नसेल तर 50 ग्रॅम निंबोळीचा भरडा लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोड्या साबणाच्या पाण्यासह फवारा. ढालकिड्यांच्या काळपट, काटेरी अळ्या दिसल्या तर तेही करू नका, त्या मावाच खात असतात. गाजराचा खांदा मातीबाहेर आला तर मातीची भर घाला, नाहीतर तो हिरवा पडतो. पाणी नियमित द्या. कोरडं पडून मग एकदम भरपूर पाणी मिळालं की गाजर तडकतं.

आता एक कळकळीची विनंती. हुमणी किंवा सूत्रकृमी म्हटलं की अजूनही कुणीतरी फोरेटच्या दाण्यांची पुडी सुचवतं. लोक त्याला थिमेट म्हणतात. हे अत्यंत विषारी औषध आहे आणि केंद्र सरकारच्या 2018च्या आदेशानुसार 31 डिसेंबर 2020पासून त्यावर देशात बंदी आहे. कुणाच्या घरात, माळ्यावर जुनी पुडी पडलेली असेल तर ती कुंडीत घालू नका, कचऱ्यात किंवा मोरीत टाकू नका आणि दुसऱ्या कुणाला देऊही नका. मुलांच्या हाती लागणार नाही अशी बंद करून ठेवा आणि विल्हेवाटीबद्दल तालुका कृषी कार्यालयात विचारा.