पडदा काळाच राहिला

गेल्या मार्गशीर्षातील एका गुरुवारी सकाळची प्रार्थना आटोपून मी कार्यालयात येऊन बसतो न बसतो तोच वहिनींचा फोन आला. शाळेच्या वेळेत त्या सहसा फोन करीत नाहीत. "भावोजी, संध्याकाळी इकडे होऊन जा. तीन दिवस झाले, पोरगा धड जेवलेला नाही. ते यंत्र काही सुरू होईना."

दादा जाऊन सहा वर्षे झाली. पुतण्या अजून न बांधलेल्या घरांची हुबेहूब चित्रे संगणकावर काढून वास्तुविशारदांना देतो. जुन्या संगणकावर एकेका चित्रास अख्खी रात्र लागे. यंदा प्रथमच त्याला स्वतःच्या नावावर मोठे काम मिळाले होते. महिनाअखेर अकरा चित्रे द्यायची होती. तेवढ्यासाठी वहिनींनी मुदतठेव मोडून ८० हजार रुपये त्याच्या हाती ठेवले. त्याने तयार संगणक न घेता सुटे भाग आणून घरीच जोडण्याचे ठरविले, कारण त्याच पैशांत अधिक समर्थ यंत्र होते. मी त्या वेळी विरोध केला होता, हे आधीच सांगून टाकतो.

संध्याकाळी रामबागेतल्या त्या घरी गेलो तो बैठकीच्या खोलीत सतरंजीवर सगळा संसार मांडलेला. कळ दाबली की पंखे गरगर फिरत, आत रंगीत दिवे लागत, एखाद्या लग्नघरासारखी रोषणाई होई. आणि समोरचा पडदा मात्र काळाच्या काळा. अर्धा मिनिट वाट पाहून पुतण्या कळ बंद करी, काहीतरी हलवी, पुन्हा चालू करी.

"काका, मदरबोर्ड जळला. माझ्याच हातून जळला."

"कशावरून?"

"दुकानदारही तेच म्हणतो. जोडताना तुम्हीच बिघडवला असेल, माल परत होणार नाही म्हणाला."

नव्या बोर्डाला आणखी १४ हजार लागणार होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. बोलत काहीच नव्हत्या.

मातोश्री मात्र पलंगावरून म्हणाल्या, "अरे, हा सकाळपासून बूट होत नाही, बूट होत नाही म्हणतोय. पायातले बूट का रे?" त्या घरात तीन दिवसांत प्रथमच कोणी हसले असावे. गंमत अशी, की मातोश्रींचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. उंच बुटांच्या मागे ते ओढून चढवण्यासाठी कातडी पट्टी असते, तिला इंग्रजीत बूटस्ट्रॅप म्हणतात. तीच पट्टी धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचे, या अशक्य कोटीतल्या कल्पनेवरून हा शब्द संगणकाला चिकटला. आपल्याकडेही, नट कितीही निपुण असला तरी तो स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही, असा जुना दृष्टान्त आहे. संगणकापुढे पेच तोच. त्याने काहीही करायचे तर आज्ञावली हवी, आणि ती आज्ञावली आत आणायची तर त्यासाठीही आज्ञावलीच हवी. म्हणून बोर्डावरच्या एका चिपमध्ये थोडीशी आज्ञावली कायमची कोरून ठेवतात. कळ दाबताच ती जागी होते, घरातल्या मंडळींची हजेरी घेते, प्रोसेसर आहे का, रॅम आहे का, चित्र दाखवणारे कार्ड आहे का असे विचारते, आणि मगच पुढचा कारभार सुरू होतो. हजेरीत कोणी 'हजर' म्हटले नाही, की गाडी तिथेच थांबते. पंखे फिरतात ते नुसत्या विजेवर. पंखा फिरतो म्हणजे यंत्र जागे आहे असे समजण्याचे कारण नाही.

हे सारे मला पुतण्यानेच समजावून दिले. ज्याला इतके कळते, त्याला दोष का सापडू नये? मी विचारले, "तीन दिवसांत काय काय करून पाहिलेस?" तो म्हणाला, "सगळं." रॅमच्या पट्ट्या काढल्या, कार्ड काढले, वायरी बदलल्या, बोर्डावरचा नाण्याएवढा सेलही काढून घातला, पण हे सारे एकाच झपाट्यात आणि रात्री दोन वाजता. एका वेळी पाच गोष्टी बदलल्या, तर त्यांतील कोणती उपयोगी पडली आणि कोणती नडली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

इथे मला माझी स्वतःचीच एक फजिती आठवली. काही वर्षांपूर्वी २६ जानेवारीला ध्वजारोहणानंतर मी भाषणास उभा राहिलो आणि ध्वनिक्षेपक मुका. पाहुण्यांदेखत मी शिपायाला बोललो. त्या बिचाऱ्याने खाली मान घालून मशीन उघडले, वायरी उपसल्या. शेवटी पहिलीच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "सर, ते लाल बटन." मायक्रोफोनची कळ माझ्याच अंगठ्याखाली बंद होती.

तेव्हा पिशवीतून शाळेची एक रेघी वही काढली आणि पुतण्याला म्हटले, "तू हात चालव, मी लिहितो. एका वेळी एकच बदल." भिंतीतले बटण ठीक. पॉवर सप्लायच्या मागची छोटी कळ ठीक. मग मॉनिटरची तार. ती बोर्डाच्या भोकात आहे की ग्राफिक्स कार्डाच्या? त्याच्या प्रोसेसरमध्ये चित्राची सोय नव्हती, म्हणून ती कार्डातच हवी, होती. नंतर विजेच्या जोडण्या. मोठी २४ पिनांची सर्वांना दिसते. पण प्रोसेसरसाठी बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात ८ पिनांची वेगळी जोडणी असते, ती अडचणीत असल्याने पुष्कळदा राहून जाते, आणि ती राहिली तरी पंखे मात्र खुशाल फिरतात. तीही नीट होती. बोर्डाखाली एखादा आधाराचा खिळा भलत्या जागी राहिला तर तो बोर्डाला टेकून वीज भलतीकडे जाते, म्हणून बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. तरी पडदा काळाच. (वाचकांपैकी कोणी हा उद्योग करणार असतील तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. प्रत्येक बदलाआधी वीज भिंतीपासून तोडावी. आणि पॉवर सप्लायचे डबडे कधीही उघडू नये, कारण तार काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.)

आता बोर्डाच्या कडेचे चार बारके दिवे पाहिले. हजेरीत जो अडतो त्याच्या नावाचा दिवा लागलेला राहतो. रॅमचा पिवळा दिवा लागून राहिला होता. पुतण्या म्हणाला, "तो पहिल्या दिवसापासून लागतोय. म्हणून तर म्हणतो बोर्ड गेला."

रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एकच ठेवायची ठरली. प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, कारण माहितीपुस्तिकेत तसेच लिहिले होते. त्याने ती बसविली. मी चष्मा पुसून खोक्याशी वाकलो. त्या खाचेला एकाच टोकाला कडी होती, दुसरे टोक नुसते घट्ट. कडी लागलेली दिसत होती. पण दुसरे टोक गव्हाच्या दाण्याएवढे वर राहिले होते.

"दाब की."

"काका, बोर्ड वाकतो."

"किती जोर लावतोस?"

तो गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "मोडला तर? आईची ठेव आहे ती."

त्या क्षणी मला सारा उलगडा झाल्यासारखे वाटले. तीन दिवस हा मुलगा ऐंशी हजार रुपयांवर बोट ठेवून बसला होता, आणि ते बोट भीतीने हलके पडत होते. मी त्याच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला आणि दोघांनी मिळून दाबले. 'टक्' असा आवाज वहिनींना दारात ऐकू गेला.

पेचकसाच्या टोकाने दोन पिना जोडून यंत्र चालू केले. पंखे फिरले. पिवळा दिवा लागला. पडदा काळा. अर्धे मिनिट झाले आणि पुतण्याचा हात बंद करण्यासाठी पुढे गेला. तो मी धरला. कारण माहितीपुस्तिकेच्या त्याच पानावर बारीक अक्षरांत मी वाचले होते, की ही नव्या पिढीची डीडीआर-५ रॅम पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड तिची चाचणी घेत तिच्याशी आपला ताल जुळवितो, त्याला काही मिनिटे लागू शकतात आणि तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. "वाट पाहू," मी म्हटले. एक मिनिट झाले. दोन झाली. मातोश्रींनी जपमाळ काढली. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटे होत आली, तेव्हा पिवळा दिवा विझला आणि पडदा उजळला.

त्यानंतर दुसरी पट्टीही बसविली, तशीच जोराने; तीही चालली. बोर्ड शाबूत होता, पट्ट्या शाबूत होत्या, काहीच जळले नव्हते. मग दोष नेमका कशाचा, पट्टी वर राहिल्याचा की चाचणी पुरी होण्याआधीच यंत्र बंद करण्याचा? ते आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. एका वेळी एकच बदल करण्याचा उपदेश करणाऱ्या मुख्याध्यापकानेच शेवटी दोन गोष्टी एकदम केल्या होत्या. वहीत तसे नोंदवून ठेवले आहे.

वहिनी पदराला हात पुसत पुढे आल्या. चष्मा घालून पडद्यावरच्या ओळी वाचू लागल्या. "काय लिहिलंय रे हे?"

"सगळे हजर आहेत म्हणतंय. पण डिस्कमध्ये काही नाही. अजून विंडोज घालायचंय."

"म्हणजे याला अजून काहीच येत नाही?"

"नाही, आई."

"बरं," वहिनी म्हणाल्या, "आधी जेवून घे."