पुडीवरचे नाव

गेल्या महिन्यात धाकट्या नातवाला प्रतिजैविक सुरू झाले आणि तिसऱ्याच दिवशी त्याचे पोट बिघडले. डॉक्टरांनी आणखी एक औषध लिहून दिले. पाण्यात कालवून द्यायच्या पुड्या. सूनबाईंनी पुडीवरचे नाव अडखळत वाचले, ‘सॅकरोमायसिस बोलार्डी’. हे म्हणजे जिवंत यीस्ट, असे दुकानदाराने सांगितले होते.

“बाबा, एकीकडे जंतू मारायचं औषध आणि दुसरीकडे जंतूच पोटात घालायचे? पहिलं औषध दुसऱ्याला मारून नाही टाकणार?”

प्रश्न बिनतोड होता. गंमत अशी, की त्याचे उत्तर पुडीवरच छापलेले होते, त्या अवघड नावात.

शास्त्रीय नाव दिसले, की आपण ते ओलांडून पुढे जातो. माझी हयात बँकेत गेली. तिथे नावातला एक काना इकडचा तिकडे झाला, तरी चेक परत जायचा. त्यामुळे नाव पुरते वाचायची खोड जडली आहे. ‘सॅकरो’ म्हणजे साखर. तो ग्रीकांकडून आलेला शब्द मुळात आपल्याच ‘शर्करे’चा प्रवासी भाऊ. ‘मायसिस’ म्हणजे बुरशी. साखरेवर जगणारी बुरशी! नेहमीची प्रतिजैविके जिवाणूंना मारतात. बुरशीच्या पेशीची घडण निराळी, म्हणून ती त्यांतून सुटते. बुरशीवरचे औषध चालू असेल, तर मात्र ही पुडी वाया. अतिदक्षता विभागातल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या रक्तात ही बुरशी शिरू शकते, म्हणून तिथे ती देत नाहीत. एवढे सगळे ‘मायसिस’ या चार अक्षरांत दडलेले आहे.

हे नाव सुखासुखी रुजले नाही. १८३७ साली जर्मनीत थिओडोर श्वान यांनी यीस्ट सजीव असल्याचे दाखवून त्याला ‘साखरबुरशी’ म्हटले. पुढच्या वर्षी मायेन यांनी त्याचे शास्त्रीय नाव केले, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. रसायनशास्त्रातल्या दिग्गजांना हे पटेना. १८३९ मध्ये लीबिग आणि व्होलर यांच्या नियतकालिकात एक निनावी टवाळी छापून आली. तीत एका टोकाने साखर गिळणारे आणि दुसऱ्या टोकाने मद्य सोडणारे चिमुकले प्राणी होते. थट्टा म्हणून लिहिले, पण निघाले जवळजवळ खरेच! पुढे पाश्चर यांनी वाद मिटवला.

‘सेरेव्हिसी’ म्हणजे बिअरची. आमच्या घरातल्या एका सोवळ्या आत्याबाईंना हे कळले असते, तर त्यांनी पाव कायमचा सोडला असता. कारण पाव फुगवणारे आणि बिअर आंबवणारे यीस्ट एकाच जातीचे. गोव्याचे पोदेर तर पावाच्या पिठात माडाची सूरच घालत. आमच्या पुडीतले बोलार्डीही आता त्याच जातीचा एक प्रकार मानतात. खातेदार एक, पासबुके तीन.

आता आपल्या शब्दाविषयी. पाठ्यपुस्तकातला ‘किण्व’ पाहून पुष्कळ पालक नाके मुरडतात. कुण्या समितीने बसून पाडलेला शब्द, असा समज. तो साफ चूक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरेच्या प्रकरणात किण्व कसे तयार करायचे ते दिले आहे आणि ते काम बायकामुलांकडे सोपवले आहे. चार्वाकांनी तर त्याचा दाखला थेट तत्त्वज्ञानात नेला. किण्वातून मादकता उपजते, तसे महाभूतांतून चैतन्य, असे ते म्हणत. म्हणजे मायेन यांच्या कितीतरी शतके आधी हा शब्द आपल्याकडे चलनात होता.

म्हणून बेकरीत जाऊन कोणी किण्व मागावे, असे मी म्हणणार नाही. मीही यीस्टच मागतो. वर्गात किण्व असावा, मुलांना त्याचे वय सांगावे. लॅटिन नावे हद्दपार करा म्हणणाऱ्या मित्रांशी मात्र माझे जमत नाही. औषधाच्या पुडीवर तेच नाव हवे. आपण ते फोड करून वाचावे आणि शंका आली, तर डॉक्टरांना नावानिशी विचारावे.

त्या दिवशी सूनबाईंना हे सगळे सांगेपर्यंत त्यांनी पुडीसाठी कढत पाण्याची वाटी भरून ठेवली होती. मी म्हटले, “थांब, आधी निवू दे. आत जीव आहे.”