दोन पंखांचे विमान

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. मुले मोबाईलमधून डोके वर काढीत नाहीत. आमच्याही घरात तेच चालले होते. यंदा मात्र आमच्या आठवीतल्या धाकटीला तिच्या मामाने वाढदिवसाला एक खोके आणून दिले. वर पिवळ्या विमानाचे चित्र, आत प्लॅस्टिकच्या चौकटींना जोडलेले बारीक बारीक भाग आणि जोडणीचा कागद. विमानाचे नाव टायगर मॉथ. त्या खोक्याने पंधरा दिवस सगळ्या घराला कामाला लावले आणि आम्हाला एक धडाही दिला. तो सांगण्यापूर्वी विमानाची थोडी ओळख करून घेऊ.

विमानाला एकावर एक असे दोन पंख कशासाठी? राईट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी जे पहिले विमान उडवले, तेही दोन पंखांचेच होते. हे दोघे भाऊ सायकली बनवून विकणारे कारागीर. त्या काळी पंख लाकूड आणि कापडाचे असत. एकच लांब पंख केला तर तो वाकायचा. दोन पंख घेऊन मध्ये उभ्या दांड्या दिल्या आणि तारांनी आवळले, की पुलाच्या सांगाड्यासारखी हलकी पण भक्कम रचना तयार होई. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन जे विमान गेले, तेही दोन पंखांचेच. पुढे धातूचे मजबूत पंख आले. दांड्या आणि तारा हवेला अडवीत असल्याने ही जुनी रचना मागे पडली.

टायगर मॉथ हे त्या जुन्या घराण्यातले. इंग्लंडच्या द हॅविलंड कंपनीचे हे विमान २६ ऑक्टोबर १९३१ रोजी पहिल्यांदा उडाले. कंपनीच्या मालकाला पतंग-किड्यांची आवड, म्हणून त्याने आपल्या विमानांना ‘मॉथ’ म्हणजे पतंग हे नाव दिले. शिकाऊ वैमानिकांसाठी अशी आठ हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. दुसऱ्या महायुद्धात हैदराबादजवळ बेगमपेटला आणि जोधपूरला आपल्याकडची मुले याच विमानावर उडायला शिकली. २०१२ सालच्या वायुसेना दिनी दुरुस्त केलेले एक टायगर मॉथ हिंडनच्या आकाशात पुन्हा उडाले.

आता आमच्या टेबलावरचे विमान. ते खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचे. हा हिशोब सोपा आहे. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच, म्हणून सहा फुटी माणूस या मापात एक इंचाचा होतो. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार २९ फूट ४ इंच, आमच्याकडे तो पाच इंचांनाही थोडा कमी. गणिताच्या पुस्तकातले प्रमाण पोरीला असे हातात धरून कळले.

कामाची रीत अशी. भाग आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवायचे, कारण साच्याचे तेल राहिले तर रंग धरत नाही. भाग पिरगाळून तोडू नयेत. नेलकटरने कापावेत आणि उरलेला कंगोरा बारीक पॉलिश पेपरने घासावा. लाकूड-कागदाचा पांढरा गोंद इथे चालत नाही. यासाठी निराळा पातळ गोंद मिळतो. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो. म्हणून तो थेंबभरच लावावा, खिडकी उघडी ठेवावी आणि ब्लेड नेहमी अंगापासून दूर चालवावे. रंगाचे काम वरचा पंख बसवण्याआधी उरकावे, नंतर आत ब्रश पोहोचत नाही. पिवळा रंग एका हातात बसत नाही. आधी पांढरा द्यावा, मग पिवळ्याचे दोन-तीन पातळ हात. शिकाऊ विमान इतरांना लांबून दिसावे म्हणून त्याला पिवळे रंगवीत.

पंख जोडताना पोरगी थबकली. “पप्पा, हे पंख मागे झुकलेत. तुकडा वाकडा आलाय का?” आम्हीही गोंधळलो. मग वाचल्यावर उलगडा झाला. आधीच्या मॉथमध्ये पुढची जागा वरच्या पंखाच्या बरोबर खाली येई. विमान संकटात सापडले तर पॅराशूट बांधून बसलेल्या माणसाला पटकन बाहेर पडता येत नसे. म्हणून पंखाचा मधला भाग पुढे सरकवला आणि तोल सांभाळण्यासाठी दोन्ही बाजू मागे झुकवल्या. म्हणजे तो वाकडेपणा माणसाचा जीव वाचावा म्हणून मुद्दाम केलेला. पोरीने हे जेवताना आपल्या आईला दोनदा सांगितले.

या विमानात सर्वांत अवघड काम वरचा पंख बसवण्याचे. काडीएवढ्या दांड्या एकाच वेळी आपापल्या खाचेत बसाव्या लागतात. रविवारी दुपारी तिने तो बसवला. संध्याकाळी आम्ही समोरून पाहिले, तर एक बाजू तांदळाच्या दाण्याएवढी खाली. “थांब, तुला नाही जमायचं,” असे म्हणून आम्ही विमान तिच्या हातून घेतले आणि पंख सरळ करायला गेलो. टक् आवाज झाला. एक दांडी मधोमध मोडली.

पोरगी रडली नाही. मुकाट्याने उठून आत गेली. तिची आई एवढेच म्हणाली, “खेळणं कुणाचं होतं?”

खरे सांगायचे तर आमच्या लहानपणी असली विमाने दुकानाच्या काचेआडच पाहिली. हात लावायचे वयही तिथेच सरले. त्या दिवशी पोरीच्या काळजीपेक्षा आमची ती जुनी हौसच पुढे झाली असावी. रात्री तिच्याजवळ बसून चूक कबूल केली. ती म्हणाली, “उद्या मी करते. तुम्ही फक्त धरा.”

दुसऱ्या दिवशी तिने ब्लेडने सांधे हलकेच सोडवले, जुना गोंद घासला, मोडलेली दांडी थेंबभर गोंदाने जोडून रात्रभर वाळवली. मग दोन्ही बाजूंना काड्यापेट्या रचून त्यावर पंख टेकवला. फुटपट्टीने डावी-उजवी उंची मोजली, तेव्हाच गोंद लावला आणि चोवीस तास कुणाला हात लावू दिला नाही. आमचे काम काड्यापेट्या धरण्याचे. पंख सरळ बसला.

शेवटी तारा. त्यासाठी तिने आपल्याच डोक्याचे केस वापरले. केस बहात्तर पटींनी जाड केला तर साधारण पाच मिलिमीटर होतो, म्हणजे मापात बसतो. मोडलेल्या दांडीवर गाठीसारखी खूण राहिली आहे. “पुन्हा रंगवू या का?” असे विचारले, तर म्हणाली, “राहू द्या पप्पा. खरी विमानंही दुरुस्त करूनच उडवत असतील ना?” तिचे बरोबरच होते. लाकडी पंखांची, कापडाने मढवलेली ही विमाने सतत दुरुस्तीवरच चालत.

पालकांनो, असे खोके घरी आणाच असे आमचे म्हणणे नाही. पुठ्ठा, आगपेटीच्या काड्या आणि दोरा यांतूनही दोन पंख उभे राहतात. वस्तू कोणतीही असो, ब्लेडपाशी आणि गोंदापाशी लक्ष ठेवा, पण पंख वाकडा बसला म्हणून मुलांच्या हातून काम ओढून घेऊ नका. त्यांना एक रात्र द्या. सकाळी विचारतील तेव्हा काड्यापेट्या धरायला बसा.